पांढऱ्या जागेचे वाचन: पाइन रिज रिझर्व्हेशनची जुनी स्थलनिर्देशक पत्रके कशी वाचावीत

अमेरिकेतील साउथ डकोटा राज्याच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात, नेब्रास्काच्या सीमेला लागून, ओग्लाला लकोटा या मूळ रहिवासी जमातीचे पाइन रिज रिझर्व्हेशन आहे. त्याचे क्षेत्रफळ सुमारे 9,000 चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या सातारा जिल्ह्याहून थोडे कमी. मात्र 2011 च्या जनगणनेत साताऱ्याची लोकसंख्या 30 लाख होती, तर 2010 च्या अमेरिकी जनगणनेत पाइन रिजची लोकसंख्या 19,000 च्याही आत होती. त्यामुळे या प्रदेशाचे 50-60 वर्षांपूर्वीचे स्थलनिर्देशक पत्रक (टोपोशीट) पहिल्यांदा हाती घेणाऱ्याला ते बहुतेक पांढरेच वाटते: काही तपकिरी रेषा, तुटक निळे ओघळ, मैलामैलावर एखादा काळा ठिपका आणि या सगळ्यावर टाकलेले लाल चौकटींचे जाळे. या पांढऱ्या जागेचे वाचन शिकू इच्छिणाऱ्या नवख्यांसाठी हा लेख आहे. येथे वस्ती विरळ आहे, पण जागा रिकामी नाही, हे पत्रकातूनच सिद्ध करता येते. त्यासाठी कोणत्या क्रमाने आणि कुठे पाहायचे, एवढेच शिकावे लागते.

आरंभी एका शब्दाविषयी सांगणे आवश्यक आहे. ‘आरक्षण’ म्हटले की मराठी वाचकाला नोकरी आणि शिक्षणातील राखीव जागा आठवतात, म्हणून येथे ‘रिझर्व्हेशन’ हाच शब्द ठेवला आहे. ही जमीन लकोटांना कोणी दान दिलेली नाही. त्यांच्या स्वतःच्या विस्तीर्ण भूमीतून करार आणि कायदे होता होता त्यांच्याकडे जी उरली, ती ही जमीन. 1868 च्या फोर्ट लॅरमी कराराने मान्य झालेले ‘ग्रेट सू रिझर्व्हेशन’ (‘सू’ या नावात लकोटाही येतात) 1877 मध्ये ब्लॅक हिल्स काढून घेतल्याने तुटले आणि मार्च 1889 च्या कायद्याने त्याचे सहा वेगळे तुकडे झाले. पाइन रिज हा त्यांपैकी एक. हा क्रम ध्यानात असला म्हणजे पत्रकावरची सीमारेषा ही निसर्गाने आखलेली नाही, याचे विस्मरण होत नाही.

पहिली पायरी: पत्रक मिळवणे

ही पत्रके युनायटेड स्टेट्स जिऑलॉजिकल सर्व्हे या 1879 मध्ये स्थापन झालेल्या सरकारी संस्थेने तयार केली. 1884 ते 2006 या काळातील छापील पत्रकांचे स्कॅन या संस्थेने ‘टोपोव्ह्यू’ नावाच्या संकेतस्थळावर विनामूल्य उपलब्ध करून दिले आहेत आणि त्यांवर स्वामित्वहक्काचे बंधन नाही. नकाशावर हव्या त्या ठिकाणी क्लिक केले की त्या जागेची वेगवेगळ्या वर्षांची आणि प्रमाणांची पत्रके समोर येतात. नुसते पाहायचे असेल तर जेपीईजी पुरेसे आहे, पण पुढे दोन पत्रके एकमेकांवर ठेवून ताडून पाहण्याचा विचार असेल तर सुरुवातीलाच जिओटिफ उतरवून घ्यावे, कारण त्यात प्रत्येक बिंदूचे अक्षांश-रेखांश बांधलेले असतात.

नवख्याने थेट मोठ्या प्रमाणाच्या पत्रकावर उडी घेऊ नये, असे माझे मत आहे. आधी 1:250,000 प्रमाणाची दोन पत्रके घ्यावीत: पश्चिमेकडील ‘हॉट स्प्रिंग्ज’ आणि पूर्वेकडील ‘मार्टिन’. ही मालिका मुळात अमेरिकी लष्कराच्या नकाशा विभागाने हाती घेतली होती. दोन्ही पत्रके 102 अंश पश्चिम रेखांशावर एकमेकांना भिडतात आणि रिझर्व्हेशनचा बहुतेक भाग त्यांच्यात सामावतो. उत्तरेला व्हाइट नदी आणि बॅडलँड्स हा पाण्याने कापलेला उजाड कड्यांचा प्रदेश, दक्षिणेला 43 अंश अक्षांशावरची राज्यसीमा, मधून उत्तरेकडे वाहणारे वुंडेड नी, पॉर्क्युपाइन, मेडिसिन रूट हे ओढे, असे स्थूल चित्र मनात बसले की मग त्यांपैकी एकच ओढा निवडून त्याची 1:24,000 प्रमाणाची पत्रके उतरवावीत. संपूर्ण रिझर्व्हेशनची पत्रके एकदम जमा करणारा माणूस सहसा त्यांपैकी एकही नीट वाचत नाही.

दुसरी पायरी: समास

नकाशाच्या चौकटीबाहेरच्या समासाला किमान अर्धा तास द्यावा. उजव्या खालच्या कोपऱ्यात पत्रकाचे नाव आणि वर्ष असते, पण ते एकच वर्ष धरून चालू नये. डावीकडच्या खालच्या मजकुरात हवाई छायाचित्रे कोणत्या वर्षी घेतली आणि प्रत्यक्ष जागेवर जाऊन पडताळणी कोणत्या वर्षी झाली, हे स्वतंत्रपणे लिहिलेले असते. छपाईचे वर्ष आणखी वेगळे असू शकते. एखादे घर ‘तेव्हा’ होते असे आपण म्हणतो तेव्हा तो ‘तेव्हा’ छायाचित्राचा असतो, छपाईचा नव्हे, आणि या दोहोंत काही वर्षांचे अंतर पडते. पत्रकावर कुठे जांभळा रंग दिसला तर ती नंतरच्या हवाई छायाचित्रांवरून केलेली भर समजावी. अशा जांभळ्या खुणांची जागेवर पडताळणी बहुधा झालेली नसते.

हिरव्या रंगाबाबत एक सावधगिरी बाळगावी लागते. हिरवा म्हणजे झाडी. या प्रदेशात ती ओढ्यांच्या काठाने कॉटनवुडच्या रूपाने आणि कड्यांच्या माथ्यावर पाइनच्या रूपाने दिसते. पाइन रिज हे नावच त्या पाइनच्या कड्यांवरून पडले. परंतु एकाच पत्रकाच्या हिरव्या रंगासह आणि हिरव्या रंगाविना अशा दोन आवृत्त्याही छापल्या जात. त्यामुळे पत्रकावर हिरवा अजिबात दिसला नाही तर ‘येथे झाड नव्हते’ असा निष्कर्ष काढण्याआधी दुसरी प्रत पाहावी.

समासाच्या चारही बाजूंना आणि कोपऱ्यांवर शेजारच्या पत्रकांची नावे असतात. ती वहीत उतरवून घ्यावीत, कारण या मैदानात ओढा, रस्ता किंवा एखादे पठार पत्रकाच्या कडेला संपत नाही. तळाशी दिशांची लहानशी आकृती असते, तिच्यात खरी उत्तर आणि चुंबकीय उत्तर यांच्यातील कोन दिलेला असतो. हा कोन दर वर्षी थोडा थोडा सरकतो. म्हणून जुन्या पत्रकावरचा कोन आजच्या होकायंत्रासाठी जसाच्या तसा वापरू नये.

तिसरी पायरी: प्रमाण हाताला सवयीचे करणे

भारतीय सर्वेक्षण विभागाची जुनी टोपोशीट ज्यांनी पाहिली आहे त्यांना एक इंचाला एक मैल हे प्रमाण परिचित असते. अमेरिकेतील 1:62,500 ची मालिका त्याला अगदी जवळची आहे. तिचे एक पत्रक अक्षांश-रेखांशाची 15 मिनिटे व्यापते. 1:24,000 ची मालिका साडेसात मिनिटांची असून तिच्यात एका इंचात 2,000 फूट, म्हणजे एका सेंटिमीटरमध्ये 240 मीटर येतात. पाइन रिजच्या अक्षांशावर असे एक पत्रक साधारण 14 किलोमीटर उंच आणि 10 किलोमीटर रुंद क्षेत्र दाखवते. दोन बिंदूंतील अंतर मोजण्यासाठी कागदाच्या पट्टीवर खुणा करून ती पट्टी तळाच्या रेखाप्रमाणावर ठेवण्याची शाळेतली रीत येथेही उपयोगी पडते. संगणकाच्या पडद्यावर मात्र कागदावरचे प्रमाण निरर्थक ठरते, कारण चित्र लहानमोठे केले की एक सेंटिमीटर 240 मीटरांचा राहत नाही. तेथे रेखाप्रमाणावरच विसंबावे.

चौथी पायरी: तपकिरी रेषा

उंची फुटांत असते. या तपकिरी समोच्च रेषा, म्हणजे समान उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या रेषा, त्यांच्यामधले उंचीचे अंतर तळाशी लिहिलेले असते आणि सपाट प्रदेशात ते बहुधा 10 किंवा 20 फूट ठेवलेले दिसते. दर पाचवी रेषा जाड असून तिच्यावर आकडा असतो. समजा रेषांतर 20 फूट आहे आणि एका सेंटिमीटरच्या अंतरात आपण पाच रेषांतरे ओलांडली, तर 240 मीटर चालताना सुमारे 30 मीटर चढ झाला, म्हणजे आठास एक असा उतार झाला. असे चार-पाच उतार हाताने काढून पाहिल्यावर मैदान या शब्दाविषयीची आपली कल्पना बदलते. हे मैदान टेबलासारखे सपाट नाही; ते लाटांसारखे उठत-बसत जाते आणि ओढ्यांच्या काठी अचानक तुटते.

‘टेबल’ हा शब्द या पत्रकांवर अक्षरशः छापलेला सापडतो. क्यूनी टेबल, रेड शर्ट टेबल, स्ट्राँगहोल्ड टेबल ही उत्तर-पश्चिमेकडील सपाट माथ्यांची नावे आहेत. पाचगणीचे टेबललँड पाहिलेल्याला त्यांचा आकार लगेच ओळखता येईल, जरी खडक सर्वस्वी निराळा असला तरी: आपल्याकडे बेसाल्टवर जांभ्याचे टोपण आहे, तर तेथे गाळाचे आणि ज्वालामुखीच्या राखेचे मऊ थर पाण्याने कापले गेले आहेत. पत्रकावर अशा टेबलाचा मध्य जवळजवळ कोरा असतो आणि कडेला रेषा इतक्या दाटतात की तपकिरी पट्टाच दिसू लागतो. कोऱ्या मध्यावर गवत किंवा शेती असते; पट्टा म्हणजे कडा. या दोन्हींच्या मध्ये जिथे रेषा किंचित विरळ होतात तिथून वर जाण्याची वाट असते, आणि तिथेच एखादी तुटक काळी रेषा, म्हणजे कच्ची वाट, वर चढताना बहुतेक वेळा सापडते. ती वाट शोधणे हा नवख्यासाठी उत्तम सराव आहे. स्ट्राँगहोल्ड टेबलावर 1890 च्या अखेरीस घोस्ट डान्स या धार्मिक चळवळीचे अनुयायी जमले होते. ते तिथेच का जमले असतील, याचे निम्मे उत्तर त्या दाट तपकिरी पट्ट्यात आहे.

पाचवी पायरी: पाणी, आणि पाण्याच्या मागे माणसे

आता निळा रंग. अखंड निळी रेषा म्हणजे बारमाही प्रवाह, आणि रेघ व ठिपके अशी तुटक रेषा म्हणजे पावसापुरता किंवा बर्फ वितळेपर्यंत वाहणारा ओघळ. या प्रदेशात दुसऱ्या प्रकारच्या रेषाच अधिक आढळतात. ओघळाच्या आडवी लहान काळी रेघ आणि तिच्या वरच्या अंगाला निळा ठिपका दिसला तर ते गुरांसाठी बांधलेले मातीचे तळे असते. ओढ्यांपासून दूर, माळाच्या मधोमध ‘विंडमिल’ असा शब्द किंवा पवनचक्कीची खूण असते. तिच्याजवळ घराचा ठिपका नसेल तर ती वस्तीची खूण मानू नये. ती जमिनीतून पाणी उपसून गुरांच्या हौदात सोडण्यासाठी उभारलेली चक्की असते आणि तिथे चरणारी गुरे भाडेपट्ट्याने जमीन घेतलेल्या दूरच्या पशुपालकाचीही असू शकतात.

घरे कुठे आहेत हे पाहण्यासाठी मी एक साधी पद्धत सुचवतो. ओढा मुखापासून उगमापर्यंत पेन्सिलीने किंवा पडद्यावरच्या कर्सरने हळूहळू चढत जावा आणि काठापासून अर्ध्या मैलाच्या आतले प्रत्येक काळे घर मोजावे. भरीव काळा चौकोन म्हणजे राहते घर. पोकळ किंवा रेघांनी भरलेला म्हणजे गोठा, कोठार यांसारखी इमारत. मग तेवढेच क्षेत्र ओढ्यापासून दूर माळावर घेऊन तेथील घरे मोजावीत. दोन्ही आकडे शेजारी लिहिले की वस्तीची रचना उघड होते. लकोटा कुटुंबे रिझर्व्हेशनवर स्थिरावली ती आपापल्या तियोश्पायेने, म्हणजे नात्यागोत्याच्या विस्तारित कुटुंबगटाने, ओढ्यांच्या काठी, कारण पाणी, सरपण आणि हिवाळ्यातला आडोसा तिथेच होता. काळे ठिपके एकमेकांपासून अर्धा मैल दूर असतील, पण एकाच ओढ्यावर ओळीने असतील, तर ते विखुरलेले एकाकी मळे नसून एक वस्ती असण्याची शक्यता अधिक. गाव म्हणजे चावडी, वेस आणि दाट घरे अशी आपली सवय असल्याने हे आपल्या डोळ्यांतून सहज निसटते.

घरांच्या ओळीत शाळा आणि चर्च शोधावेत. शाळेच्या चौकोनावर निशाण असते, चर्चवर क्रूस. पाइन रिजवरच्या सरकारी दिवसशाळांना एकेकाळी नावांऐवजी क्रमांक होते आणि असा क्रमांक जुन्या पत्रकावर सापडला तर त्याची नोंद करावी, कारण शाळा बंद झाल्यानंतरही परिसर त्या क्रमांकाने ओळखला जात राहतो. पाइन रिज गावाच्या उत्तरेला ‘होली रोझरी मिशन’ दिसेल. 1888 मध्ये जेझुइट या कॅथलिक पंथाच्या धर्मगुरूंनी सुरू केलेली ही शाळा पुढे लकोटा नेते रेड क्लाउड यांच्या नावाने ओळखली जाऊ लागली. पत्रकावर जुने नाव असले तर पत्रकाचा काळ ठरवायलाही त्याची मदत होते.

सहावी पायरी: लाल जाळे

संपूर्ण पत्रकावर एकेक मैलाच्या अंतराने लाल रेषा असतात. त्या रस्ते नव्हेत, कुंपणे नव्हेत आणि मालकीच्या हद्दीही नव्हेत. ते अमेरिकी सरकारच्या जमीनमोजणीचे जाळे आहे, आणि नवख्यांची सर्वाधिक फसगत येथेच होते, म्हणून ही पायरी सावकाश चढावी.

जाळ्याचे एकक टाउनशिप: सहा मैल लांब आणि सहा मैल रुंद चौकोन. त्यात 36 सेक्शन असतात आणि प्रत्येक सेक्शन एक चौरस मैल, म्हणजे 640 एकरांचा. सेक्शनचे क्रमांक ईशान्य कोपऱ्यातून सुरू होतात, पश्चिमेकडे 1 ते 6 जातात, 6 च्या खाली 7 येतो आणि ओळ पूर्वेकडे वळते. नांगरणाऱ्या बैलाने शेताच्या टोकाला वळावे तसे हे क्रमांक वळत वळत आग्नेय कोपऱ्यात 36 वर थांबतात. सेक्शनचा चौथा भाग 160 एकरांचा आणि त्याचाही चौथा भाग 40 एकरांचा. जमिनीचे वर्णन ‘सेक्शन 22 च्या नैर्ऋत्य पावाचा ईशान्य पाव’ असे असते. मूळ इंग्रजी नोंदीत हा क्रम उलटा, लहानाकडून मोठ्याकडे लिहिलेला असल्याने ती नोंद शेवटाकडून सुरुवातीकडे वाचावी.

टाउनशिपचा पत्ता समासात लाल अक्षरांत असतो. पाइन रिज गाव टाउनशिप 35 उत्तर, रेंज 44 पश्चिम, सहावी मुख्य मध्यान्हरेषा या पत्त्यावर येते, म्हणजे आधाररेषेपासून उत्तरेकडे 35 वी ओळ आणि मध्यान्हरेषेपासून पश्चिमेकडे 44 वा स्तंभ. हा पत्ता आपण स्वतः पडताळू शकतो. या मध्यान्हरेषेची आधाररेषा 40 अंश उत्तर अक्षांशावर, कॅन्सस आणि नेब्रास्काच्या सीमेवर आहे. 35 ओळी गुणिले सहा मैल म्हणजे 210 मैल. एका अंशाला साधारण 69 मैल धरले तर आपण 43 अंशांच्या किंचित वर पोचतो, म्हणजे साउथ डकोटाच्या दक्षिण सीमेवर, जिथे गाव खरोखर आहे. नेब्रास्काच्या दुसऱ्या टोकापासून मोजत आलेले जाळे इथे लकोटांच्या ओढ्यांवर पसरले आहे, हे या एका गुणाकाराने जितके स्पष्ट होते तितके कोणत्याही वर्णनाने होत नाही.

जाळे का टाकले, हेही येथेच सांगितले पाहिजे. 1887 च्या सर्वसाधारण वाटप कायद्याने, ज्याला डॉझ कायदा म्हणतात, सामाईक जमीन तोडून व्यक्तींच्या नावे करण्याचे धोरण आले. मूळ तरतुदीत कुटुंबप्रमुखाला 160 एकर मिळत. सू रिझर्व्हेशनांसाठी 1889 च्या कायद्यात हा आकडा 320 एकर होता. वाटून ‘उरलेली’ जमीन बाहेरच्यांसाठी खुली करता येत असे. देशभरात मूळ रहिवाशांकडे 1887 मध्ये सुमारे 13 कोटी 80 लाख एकर जमीन होती. 1934 मध्ये हे धोरण थांबवले गेले तेव्हा तिच्यापैकी सुमारे 4 कोटी 80 लाख एकर उरली होती. जी जमीन सरकारच्या विश्वस्तपणाखाली राहिली तिच्यावर पिढ्यानुपिढ्या वारसांचे अविभाजित हिस्से चढत गेले. सातबाऱ्यावर वारसांची नावे वाढत जाऊन कोणालाच जमीन नीट कसता येऊ नये, ही अवस्था आपल्याला माहीत आहे. तिथे एकेका तुकड्यावर शेकडो हिस्सेदार असल्याची उदाहरणे आहेत.

यांतले काहीही पत्रकावर दिसत नाही. लाल चौकोनांपैकी कोणता जमातीचा, कोणता विश्वस्त जमिनीचा आणि कोणता विकला गेलेला, हे स्थलनिर्देशक पत्रक सांगत नाही, आणि त्याच्याकडून तशी अपेक्षाही करू नये. मूळ मोजणीचे नकाशे आणि मोजणीदारांच्या नोंदी ‘ब्यूरो ऑफ लँड मॅनेजमेंट’च्या संकेतस्थळावर पाहता येतात, आणि टाउनशिपचा पत्ता वापरून तिथे थेट पोचता येते. जाळ्यातली एखादी रेषा वाकडी किंवा एखादा सेक्शन अरुंद दिसला तर तो छपाईचा दोष मानू नये. उत्तरेकडे रेखांश जवळ येत जातात; त्यामुळे जमणारी तूट आणि मोजणीतल्या चुका टाउनशिपच्या उत्तर आणि पश्चिम कडेच्या सेक्शनांवर ढकलल्या जातात.

सातवी पायरी: सीमा

रिझर्व्हेशनची सीमा लांब रेघ आणि ठिपका अशा रेषेने दाखवतात. वेगवेगळ्या काळांची पत्रके घेतली की ती एकसारखी राहत नाही. आग्नेयेकडील बेनेट काउंटी (काउंटी म्हणजे राज्याखालचा जिल्ह्यासारखा विभाग) 1910 च्या कायद्याने बाहेरच्या वसाहतकारांना खुली झाली. त्यामुळे काही नकाशांवर ती रिझर्व्हेशनच्या आत असते, काहींवर बाहेर. अशा वेळी एक नकाशा बरोबर आणि दुसरा चूक असे न म्हणता, कोणत्या वर्षी कोणी कोणती रेषा काढली, एवढे लिहून ठेवावे.

उत्तर-पश्चिमेला आणखी एक सीमा भेटू शकते, ती म्हणजे बॉम्बफेकीच्या सरावक्षेत्राची. 1942 मध्ये अमेरिकी लष्कराने पाइन रिजवरची सुमारे 3,42,000 एकर जमीन हवाई सरावासाठी घेतली आणि सव्वाशेच्या आसपास कुटुंबांना अगदी थोड्या मुदतीत घरे सोडावी लागली. त्यांत ड्यूई बिअर्ड हे वृद्ध गृहस्थही होते. 29 डिसेंबर 1890 रोजी वुंडेड नी येथे अमेरिकी सैन्याने केलेल्या लकोटांच्या हत्याकांडातून ते वाचले होते. त्यानंतर अर्ध्या शतकाने त्यांना हे घरही गमवावे लागले. या क्षेत्राचे मोठे भाग पुढे बॅडलँड्स राष्ट्रीय उद्यानाच्या दक्षिण विभागात आले. म्हणून 1942 नंतरच्या पत्रकावर या टापूत घराचा एकही ठिपका नसेल तर त्याचे कारण जमिनीत शोधू नये. तेथील पांढरी जागा हुकुमाने पांढरी झाली होती.

आठवी पायरी: नावे

पत्रकावरची सर्व नावे एका कोष्टकात उतरवून काढावीत आणि प्रत्येक नाव कोणत्या भाषेतून कसे आले ते लिहावे. काही नावे लकोटा शब्दांची भाषांतरे आहेत: वुंडेड नी, मेडिसिन रूट, बेअर इन द लॉज. काही शब्द लकोटाच आहेत: ‘वानब्ली’ म्हणजे गरुड, ‘वक्पा’ म्हणजे नदी, ‘वक्पाला’ म्हणजे ओढा आणि ‘पहा’ म्हणजे टेकडी. बॅडलँड्स हे ‘मको शिचा’चे भाषांतर आहे. काही नावे सरकारी अधिकाऱ्यांची किंवा वसाहतकारांची आहेत. उत्तरेकडच्या शायन नदीचे लकोटा नाव ‘वक्पा वाश्ते’, म्हणजे चांगली नदी, आहे. इंग्रजी पत्रकावर त्याचा मागमूस नसतो. नावे बदलतातही. जुन्या पत्रकांवरची शॅनन काउंटी 2015 पासून ओग्लाला लकोटा काउंटी झाली, आणि मूळ रहिवासी स्त्रियांचा अपमान करणारा एक शब्द असलेली सुमारे 650 भौगोलिक नावे 2022 मध्ये संघराज्य सरकारने देशभर बदलली. जुने नाव शोधासाठी लागते हे खरे, पण लिहिताना आजचे नावच वापरावे आणि जुन्याचा उल्लेख आवश्यक तिथेच करावा.

नववी पायरी: दोन काळ एकावर एक

‘क्यूजीआयएस’ या नकाशांसाठीच्या विनामूल्य आज्ञावलीत जुने जिओटिफ आणि आजचे उपग्रहचित्र एकावर एक ठेवता येते. येथे दोन अडचणी हमखास येतात. जुनी पत्रके 1927 च्या उत्तर अमेरिकी आधारावर (डेटम, म्हणजे स्थाने मोजण्याची मूळ चौकट) मोजलेली आहेत, नवी साधने 1983 च्या किंवा त्यानंतरच्या आधारावर चालतात. आधार न बदलता मीटरमधले जाळीनिर्देशक सरळ नव्या साधनात टाकले तर बिंदू उत्तर-दक्षिण दिशेने सुमारे 200 मीटर चुकतो. एका ओढ्याकाठचे घर पलीकडच्या काठावर जाण्यास एवढी चूक पुरते. दुसरी अडचण पाइन रिजची खास आहे. 102 अंश रेखांशावर यूटीएम जाळीचे (जगाचे उभे विभाग पाडून मीटरमध्ये स्थान सांगणाऱ्या पद्धतीचे) 13 आणि 14 हे विभाग बदलतात आणि ती रेषा रिझर्व्हेशनच्या मधूनच जाते. पाइन रिज आणि काइल ही गावे 13 मध्ये येतात, तर मार्टिन आणि वानब्ली 14 मध्ये. दोन गावांचे निर्देशक वजा करून अंतर काढण्याआधी विभाग पाहावा.

तुलनेचा सराव करायला शेजारचे आणखी ठळक उदाहरण उत्तरेकडील शायन रिव्हर रिझर्व्हेशनचे आहे. मिसूरी नदीवरच्या ओआहे धरणाचे काम 1948 मध्ये सुरू झाले आणि 1958 मध्ये नदी अडवली गेली. त्या जलाशयाखाली या एका रिझर्व्हेशनची 1,04,000 एकरांहून अधिक जमीन गेली, आणि शायन एजन्सी हे मुख्य ठाणे ईगल ब्यूटला हलवावे लागले. धरणापूर्वीच्या पत्रकावर नदीकाठचा हिरवा पट्टा, घरे, शाळा आणि दफनभूमी पाहावी, आणि नंतर त्याच चौकटीत नुसता निळा रंग पाहावा. उंच माळावरची पांढरी जागा तशीच राहिली. बुडाला तो नेमका नकाशावरचा भरलेला भाग.

बाहेर जाण्यापूर्वी आणि इतरांना दाखवण्यापूर्वी

जुन्या पत्रकावर वाट दिसते म्हणून तिथे जाण्याचा अधिकार मिळत नाही. जमातीच्या किंवा खासगी जमिनीत पाऊल ठेवण्यापूर्वी परवानगी घ्यावी. जुन्या सरावक्षेत्रात न फुटलेला दारूगोळा आढळलेला आहे. तेथे अनोळखी धातूच्या वस्तूला हात लावू नये. अमेरिकेच्या 1979 च्या पुरातत्त्व संपदा संरक्षण कायद्यानुसार रिझर्व्हेशनच्या जमिनीतून विनापरवाना पुरातन वस्तू उचलणे गुन्हा आहे, आणि राष्ट्रीय उद्यानात जीवाश्म उचलण्यासही बंदी आहे.

शेवटचे काम दफनभूमींचे आहे. टेकडीच्या माथ्यावर तुटक चौकोन आणि क्रूस दिसला की अभ्यासक उत्साहाने त्याचे अचूक अक्षांश-रेखांश टिपतो. टिपण ठेवावे, परंतु आपला नकाशा इतरांना देण्यापूर्वी तो थर वेगळा करून बंद ठेवावा. त्या कबरींमध्ये असलेल्यांचे वंशज त्याच ओढ्यांवर राहतात, आणि ती जागा कोणाला दाखवायची हे त्यांनी ठरवायचे आहे.